जावयाची यादी आणि आगुंब्याचा पाऊस

पत्राचा गोषवारा: गोंदिया जिल्ह्यात नवेगावच्या जंगलालगत राहणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. घरी धानाची शेती आहे, ती यजमान बघतात. लेक-जावई बंगळुरूला असतात. त्यांनी कर्नाटकातल्या आगुंब्याजवळ, वर्षावनातल्या एका मुक्कामाच्या ठिकाणी ऑगस्टमध्ये सगळ्यांसाठी चार रात्रींचं बुकिंग केलं आहे. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आटोपून निघायचं आणि पोळ्याच्या आत परत यायचं, एवढं ठरलं आहे. जावयांनी व्हॉट्सअ‍ॅपवर सामानाची लांबलचक यादी पाठवली: ट्रेकिंगचे बूट, लवकर वाळणाऱ्या पँटी, खिसेवाली जाकिटं, जळवांसाठीचे मोजे, पाणी न शिरणारी बॅग, डोक्याला लावायची बॅटरी, दुर्बीण. बेरीज तीस हजारांवर जाते. यजमान म्हणतात, ‘जंगलाच्या काठानं जन्म गेला, मले काय जंगल शिकवता?’ त्यांना चप्पल आणि दुपट्ट्यावर जायचं आहे. ताईंना वाटतं, तिथे शहरातली माणसं असतील, आपण गावंढळ दिसू नये, जावयाला खाली पाहायची वेळ येऊ नये. घरात सत्तरीच्या सासूबाई आहेत. त्यांना शुगर आहे, गुडघे दुखतात, रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू आहे. त्यांना न्यावं की नणंदेकडे ठेवावं, आणि जळवांचं काय करावं, असंही त्यांनी विचारलं आहे.

ताई, नमस्कार.

तुम्ही विचारलंय सामानाबद्दल, पण पत्रातल्या सगळ्यात जास्त ओळी ‘लोक काय म्हणतील’ यावर खर्च झाल्या आहेत. म्हणून मी जावयांची यादी पुढ्यात घेतली आणि प्रत्येक वस्तूला विचारत गेले, तू पावसासाठी आहेस की बघणाऱ्यांसाठी? खिसेवाली जाकिटं बघणाऱ्यांच्या खात्यात गेली. महागडे बूटही तिकडेच गेले. दुर्बीण काठावर राहिली, चौघांत एक पुरते आणि ती जावयांकडे असेलच. जळवांचे मोजे मात्र सरळ पावसाच्या खात्यात. असं करत गेलं की तीस हजारांची यादी दोन-तीन हजारांवर येते, आणि त्यातलंही बरंच तुमच्या घरात खुंटीला टांगलेलं आहे.

गावंढळ दिसण्याचं म्हणाल, तर ऑगस्टमधल्या आगुंब्यात दुसऱ्या दिवशी सकाळी सगळेच एकसारखे दिसतात. गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळाला चिकटलेले केस, पँटीवरून चढवलेले मळकट मोजे. तिथे हसं होतं ते कडक इस्त्रीच्या जीन्समध्ये येऊन तासाभरात लंगडायला लागणाऱ्या पाहुण्याचं. चिखलात तोल सांभाळून चालायची सवय तुमच्या घरात सगळ्यांना आहे. जावयांना असेल का, शंका आहे.

आता यजमानांचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मोलाचं आहे. जंगलाच्या काठावर वाढलेला माणूस रानात कमी बोलतो, पाय उचलून टाकतो, दिसत नाही तिथे हात घालत नाही. हे कुठल्या दुकानात मिळत नाही. पण त्यांची बाकीची जाण आपल्या पानगळीच्या जंगलातली आहे. नवेगाव-नागझिऱ्यात उन्हाळ्यात झाडं उघडी पडतात, लांबवर दिसतं, वाळला पाला पायाखाली वाजतो, चितळ आणि वानरं ओरडून सांगतात कोण निघालंय ते. आगुंब्याच्या रानात झाडांचं छत बाराही महिने मिटलेलं असतं. दाट जागी दहा-वीस पावलांपलीकडे नजर जात नाही. पाला ओला, म्हणून वाजत नाही. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, सालाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आगुंब्यात तो ७००० च्या पुढे जातो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. यजमानांना एवढंच सांगा की तिथे रोवणीसारखंच भिजायचं आहे, फक्त नंतर कपडे वाळवायला ऊन मिळणार नाही. शेतकऱ्याला यापेक्षा जास्त समजवावं लागत नाही.

कपड्यांचा सगळा विचार याच एका गोष्टीवर उभा आहे. सुती कापड पाणी पितं आणि हवेतच इतकी ओल असते की ते दोन-दोन दिवस वाळत नाही. विदर्भात बसून कापसाविरुद्ध बोलणं म्हणजे धाडसच, पण या चार दिवसांपुरता कापूस घरी राहू द्या. जीन्स तर मुळीच नको. शाळेच्या क्रीडा संमेलनात मुलांना देतात तसली पॉलिस्टरची ट्रॅक पँट आणि पूर्ण बाहीची जर्सी आठवडी बाजारात मिळते, तीच तिथे उत्तम. तुम्हाला पँट नको असेल तर पॉलिस्टरचा सलवार-कुर्ता चालेल, ओढणी मात्र खोलीवर ठेवून निघायचं, ती काट्यात अडकते. साडीच नेसायची असेल तर सिंथेटिक साडी रोवणीत खोचता तशी गुडघ्याखाली घट्ट खोचा आणि आतून लेगिंग घाला. कुणी हसणार नाही. हसलं तर हसू द्या.

किती जोड न्यायचे, यावर घरात वाद होईल, म्हणून पद्धत सांगते. वर्षावनात महिनोन् महिने काम करणारे लोक ती पाळतात. चालायचे दोन जोड ठेवायचे. ते भिजणारच आहेत. संध्याकाळी पिळून टांगायचे आणि सकाळी दमट असले तरी तेच अंगावर चढवायचे. पहिली पाच मिनिटं शहारे येतात, मग चालण्यानं अंग तापतं. झोपायचा जोड वेगळा. तो जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला असतो आणि खोलीबाहेर कधीही जात नाही. रात्री कोरडे पाय आणि कोरडी पाठ मिळाली की दुसऱ्या दिवशी माणूस आनंदानं भिजतो. कोरडा जोड ‘जरा बाहेर जाऊन येतो’ म्हणून घालणारा गडी तिसऱ्या रात्री ओल्यात झोपतो. तुमच्या यजमानांवर लक्ष ठेवा.

पाणी न शिरणारी बॅग विकत घ्यायची गरज नाही. लेकीची कॉलेजची जुनी सॅक असेल, तिच्या आत मांडवाच्या दुकानात मिळतं तसं जाड प्लास्टिक पिशवीसारखं घाला आणि तोंड पिळून बांधा. युरियाच्या पोत्यातलं आतलं प्लास्टिक वापरायचा मोह होईल, नको. त्यात उरलेला युरिया उलट हवेतली ओल ओढून घेतो. चाकांची ट्रॉली बॅग आणू नका. शेवटचा तुकडा बहुधा जीपनं किंवा पायी असतो आणि चिखलात चाकं फिरत नाहीत. मोबाइलला चेनवाली पारदर्शक पिशवी पुरे. चार्ज केलेली पॉवर बँक हवीच, कारण त्या पावसात वीज गेली की लवकर येत नाही. डोक्याला लावायची बॅटरी यजमानांकडे आहेच, रात्रीच्या लाइनीवर शेताला पाणी देताना वापरतात ती. जावयांना तिचा फोटो पाठवा. यादीतली एक वस्तू तिथेच खोडली जाईल.

जळवांवर आता जरा सविस्तर, कारण तुम्ही त्यांच्यावर पानभर लिहिलं आहे. बांधीत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, काढताना पायाला लागते ती पाण्यातली जळू तुम्ही पाहिलेली आहे. ही तिची जमिनीवरची बहीण. ओल्या पाल्यावर किंवा खालच्या पानावर उभी राहून ती डोलत असते. तुमच्या पावलांचा हादरा, श्वास आणि अंगाची ऊब तिला कळते, मग ती बुटावर चढून कातडी शोधत वर जाते. चावल्याचं कळत नाही. तिच्या लाळेत हिरुडिनसारखं द्रव्य असतं, त्यामुळे रक्त गोठत नाही आणि ती सुटल्यावरही जखम काही वेळ, कधी काही तास, वाहत राहते. दिसायला भयंकर, पण निरोगी माणसाला धोका जवळपास नाही. खाज मात्र आठवडाभर छळते, आणि नखानं खाजवून पिकवलेली जखम जळवेपेक्षा जास्त त्रास देते.

यावर उपाय मोज्यांचा. हे मोजे साध्या मोज्यांसारखे ताणले जाणारे नसतात. घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्यापर्यंत येणारे, वर नाडी असलेले पायाच्या आकाराचे खोळच म्हणा. आधी साधे मोजे, त्यात पँट खोचायची, वरून हे चढवायचे, नाडी आवळायची आणि मग बूट. काही शे रुपयांत विकत मिळतात. गावचा शिंपीसुद्धा पॉपलिनचे शिवून देईल, रंग पांढरा किंवा फिका सांगा म्हणजे चढणारी जळू दिसते. मोज्यांवर मिठाचं दाट पाणी लावतात, त्याचा उपयोग होतो, फक्त पावसानं धुतलं की पुन्हा लावावं लागतं. तंबाखूही चोळतात. यजमानांच्या खर्ऱ्याचा हा एक बरा उपयोग म्हणता आला असता, पण तंबाखू फक्त मोज्याच्या बाहेरून लावा. ओल्या कातडीला घासला तर त्यातलं निकोटिन अंगात जाऊन मळमळ, चक्कर येते.

लागलेली जळू ओढू नका, काडीनं चटका देऊ नका, मीठही टाकू नका. घाबरलेली जळू पोटातलं जखमेत ओकते. तिच्या निमुळत्या टोकाशी कातडीला टेकवून नख सरकवायचं, तोंड सुटतं. मग जाड टोक सोडवायचं. साबणानं धुऊन कापसाचा बोळा दाबून पट्टी बांधायची. मुक्कामी पोहोचल्यावर एकमेकांची पाठ, मान आणि कानामागची जागा बघायची. लाजायचं काम नाही.

पायात काय, यावर तुमचं घर दोन टोकांना आहे. यजमानांची चप्पल नाही चालणार. जावयांचे कातडी बूटही नकोत, ते एकदा भिजले की चार दिवस ओलेच राहतात आणि दगडासारखे जड होतात. खोल नक्षीच्या रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट घ्या. महिनाभर आधी घेऊन शेताच्या धुऱ्यावरून रोज थोडं चाला, म्हणजे फोड घरीच येऊन बरे होतील. शेतातले गमबूट असतील तर न्यायला हरकत नाही, सपाट वाटेवर आणि ओहोळातून ते छान. शेवाळलेल्या खडकावर मात्र घसरतात.

सापांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. आपल्याकडे सापासाठी नजर जमिनीवर ठेवायची सवय असते, घोणस, मण्यार, नाग सगळे खालीच. आगुंब्यात जमिनीबरोबर कमरेच्या उंचीवरही बघावं लागतं. मलबारी चापडा नावाचा विषारी साप झुडपांच्या फांदीवर किंवा ओहोळाच्या दगडावर तासन् तास हलत नाही. हिरवा, पिवळा, तपकिरी, कुठल्याही रंगाचा असू शकतो आणि पानांत मिसळून जातो. म्हणून घसरल्यावर आधाराला फांदी धरायची सवय सोडा, काठी वापरा. हे रान नागराजासाठीही, म्हणजे किंग कोब्रासाठीही, प्रसिद्ध आहे. रोम्युलस व्हिटेकर यांनी २००५ मध्ये तिथे वर्षावन संशोधन केंद्र उभारलं ते त्याच्यामुळेच, आणि २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या नागराजाला वेगळी प्रजाती ठरवून कालिंग हे नाव दिलं. तो माणसापासून लांब राहतो. पण एक ध्यानात ठेवा: आपल्या सरकारी दवाखान्यात मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांसाठी बनवलेली असते. चापडा किंवा नागराज तिच्यात येत नाहीत. तरी दंश झालाच तर साप ओळखत बसू नका, मंत्र नको, चिरा नको, गाडीत घाला. घाट उतरून मणिपालला मोठं वैद्यकीय महाविद्यालय आहे.

सासूबाईंचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटला. तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल यजमान काय म्हणतात, नणंद काय म्हणते, लेक काय म्हणते, सगळं आहे. त्या स्वतः काय म्हणतात, ते नाही. आधी त्यांना विचारा. विचारताना ‘तुम्हाला झेपेल का’ असं नको, ‘चार दिवस पडवीत बसून पाऊस बघायला याल का’ असं विचारा, कारण त्यांच्यासाठी ही सहल बहुतांश तशीच असेल. वर्षावन पडवीतूनही भरपूर दिसतं. बेडूक खांबावर येऊन बसतात, दिव्याशी नाना तऱ्हेचे पतंग जमतात, धनेश उडताना पंखांचा आवाज खालपर्यंत येतो. माझं मत विचाराल तर नणंदेकडे ठेवणं हा ‘त्या नको म्हणाल्या तर’चा पर्याय असावा.

त्या आल्या तर तयारी वेगळी. रक्त पातळ ठेवायची गोळी आणि जळू यांचं जमत नाही, रक्त जास्त वेळ वाहतं. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना हे सांगा, पण गोळी मनानं बंद करू नका. अंगणातही त्यांनी मोजे आणि बंद चपलेशिवाय उतरू नये. शुगरवाल्यांच्या पायाला कधीकधी संवेदना कमी असते आणि ओल्या बोटांत चिखल्या होतात. रोज रात्री पाय पुसून बोटांच्या बेचकीत बघायचं. गोळ्या दोन बॅगांत वाटून ठेवा. शुगर तपासायच्या पट्ट्यांची डबी एकदा उघडी राहिली की दमट हवेनं पट्ट्या बिघडतात. प्रवासात जेवणाची वेळ चुकते, म्हणून ग्लुकोजची पुडी आणि चिक्की हाताशी ठेवा.

त्यांच्यासाठी मार्गही बदला. नागपूरहून बंगळुरूला उतरून एक दिवस लेकीकडे थांबा, मग रेल्वेनं शिवमोग्गा आणि तिथून तीर्थहळ्ळीमार्गे रस्त्यानं आगुंबे. उडुपीकडून आलात तर नागमोडी घाट चढावा लागतो, मुसळधार पावसात तो कुणाच्याच पोटाला मानवत नाही. परतीच्या तिकिटाच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. दरड कोसळून रस्ता अडला तर पोळा हुकायला नको.

मुक्कामाच्या ठिकाणी फोन तुम्हीच करा, जावयांवर सोपवू नका. खोलीपर्यंत पायऱ्या किती, कमोड आहे का, जनरेटर किती वाजेपर्यंत चालतो, मोबाइलला रेंज कुठे मिळते, साखरेविना चहा आणि बिनसाखरेचा नाश्ता मिळेल का, गमबूट आणि छत्र्या ते देतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर आणखी पैसे वाचतील. रोख पैसे जवळ ठेवा, रेंज नसली की मोबाइलनं पैसे जात नाहीत. घरचा चिवडा नेणारच असाल तर स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात न्या, पिशवीला मुंग्या लागतात आणि माकडं ती पळवतात. डास पळवणारं मलम लावल्यावर बेडूक हातात घ्यायचा नाही, त्याची कातडी ते शोषून घेते.

यजमानांना आधीच एक सांगून ठेवा. ताडोब्यात पैसे भरले की वाघाची वाट बघायची, तसं इथे नाही. मोठं जनावर दिसणं दुर्मीळ. चार दिवसांत बेडूक, साप, कोळी, बुरशी, पक्षी, नशीब असेल तर शेकरू आणि सिंहपुच्छ वानर. हे कळून गेले तर रमतील, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुपारी ‘इथं काही नाही’ म्हणत बसतील.

हे वाचून कुणी डिसेंबर ते मेच्या दरम्यान तिकडे निघणार असेल, तर त्यांच्यासाठी वेगळा इशारा. आगुंबे ज्यात येतं त्या शिवमोग्गा जिल्ह्यात त्या कोरड्या महिन्यांत गोचिडीतून पसरणारा माकडताप असतो. १९५७ मध्ये तो त्याच जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. तेव्हा पाल्यावर बसू-लोळू नका, मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, रोज अंग तपासा. आणि ऋतू कुठलाही असो, परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर गावच्या डॉक्टरांना ‘मी तिकडच्या जंगलात होतो, पाण्या-चिखलात चाललो’ हे आपणहून सांगा. दूषित पाण्या-चिखलातून येणारा लेप्टोस्पायरोसिससारखा ताप त्यांच्या मनात एरवी येणार नाही.

राहता राहिले जावई. यादी पाहून तुम्ही गप्प बसलात, म्हणून ते समजताहेत की खरेदी सुरू आहे. यजमानांनीच त्यांना फोन करावा. ‘एवढं घरात आहे, एवढं नको, आणि जळवांचे मोजे तेवढे तुम्ही बंगळुरूहून आणा’ असं सरळ सांगावं. सासऱ्यानं मागितलेली एक वस्तू आणायला जावयाला आवडतं, निदान पहिल्यांदा तरी. मोज्यांची मापं त्याच फोनवर कळवा, आणि सासूबाई ‘येते’ म्हणाल्या असतील तर त्यांच्या पावलाचंही. एकाच मापात मिळणारे मोजे लहान पायाला सैल होतात आणि सैल मोज्यात जळू शिरते.